पाटीवर शंका घ्यायची नाही

भिंगबाईंना हे नाव कारखान्यात पडलं आणि त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं. पुढे पुढे तर इमारतीतली मुलंसुद्धा त्यांना भिंगमावशी म्हणू लागली, आणि त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

औषधाच्या बाटल्या बनवणाऱ्या काचकारखान्यात त्या तपासणीला होत्या. भट्टीतून निघून, थंड होऊन बाटल्या एकामागून एक पट्ट्यावरून पुढे यायच्या. पट्ट्याच्या पलीकडे उजेडाची मोठी पांढरी पाटी आणि अलीकडे स्टुलावर बसलेल्या बाई. काचेत एखादा बारीक बुडबुडा असला तर तो चालून जायचा. खडा किंवा चीर मात्र चालायची नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे झोका. बाटलीच्या आत या कडेपासून त्या कडेपर्यंत केसासारखा काचेचा धागा लोंबत राहिलेला असतो, त्याला तिथल्या बायका झोका म्हणत. बाटलीत औषध भरलं की तो धागा मोडतो आणि कुणाच्या तरी पोटात जातो. बाई नवीन होत्या तेव्हा वरिष्ठ तपासणीसबाईंनी एवढंच सांगितलं होतं की झोका सुटला तर रात्री झोप लागणार नाही. ते तंतोतंत खरं होतं.

कामाची रीत ठरलेली होती. सकाळी आल्या आल्या आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पाटी पुसायची. एकदा पुसली की दिवसभर तिच्याकडे बघायचं नाही. पाटी पांढरीच असते, पाटीवर शंका घ्यायची नाही. डाग दिसला तर तो बाटलीत आहे असं समजायचं आणि बाटली काढून टाकायची. नजर एका जागी सैल सोडून बसायचं, बाटल्या जाऊ द्यायच्या. खराब बाटली आपण होऊन डोळ्यांत येते. बाईंच्या डोळ्यांत ती इतरांच्या आधी यायची. दुसऱ्या पाळीच्या बायका चेष्टेने म्हणायच्या, हिच्या नवऱ्याची काही धडगत नाही.

नवऱ्याला त्याची धास्ती नव्हती. ते बस चालवायचे. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. आयुष्यभर इंजिनाच्या शेजारी बसून त्यांचे कान गेले होते. निवृत्त झाले तेव्हा समोरच्याने कानाशी तोंड नेऊन बोललं तरच त्यांना धड ऐकू यायचं. बायको काय म्हणते ते ऐकू येत नाही, या एका गोष्टीवर आमचा संसार टिकलाय, असं ते चारचौघांत सांगायचे. बाई हसायच्या नाहीत, पण रागवायच्याही नाहीत.

त्यांना एकच मुलगा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, आशा सोडल्यावर झालेला. त्यामुळे बाईंनी त्याला डोळ्यांत तेल घालून वाढवलं असं म्हटलं तर ते अक्षरशः खरं आहे. तो शाळेतून आला की दारातच उभा करून त्या त्याला उजेडाकडे वळवायच्या. डोळे तांबडे दिसतात का, ओठ सुकलेत का, चालताना पाय ओढतोय का. विचारायच्या काहीच नाहीत. बघायच्या आणि मग हळद लावायची, डॉक्टरकडे न्यायचं, शाळा बुडवायची, जे काय असेल ते ठरवून टाकायच्या. मुलगाही हुशार. गुडघा फुटला तर तो खालच्या नळावर धुऊन, वर मोजा ओढून मगच जिना चढायचा. परीक्षेत मार्क कमी पडले की दारात येण्याआधी तोंड धुऊन हसरं करून यायचा. आई तपासते आणि मुलगा पाठ फिरवतो, हा त्या घरातला जुना खेळ होता. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मुलगा शिकला, दुसऱ्या शहरात नोकरीला लागला, एका मित्राबरोबर खोली घेऊन राहू लागला. बाईही निवृत्त झाल्या. त्यांच्या स्टुलाच्या जागी कारखान्याने कॅमेरा बसवला. बाईंनी तो कॅमेरा बघितला, त्याची स्तुतीही केली, आणि घरी येऊन दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत.

मनात पाल चुकचुकली ती मुलाच्या फोनवरून. आधी तो आपणहून फोन करायचा, चेहरा दाखवायचा, बाबांना ओरडून विनोद सांगायचा. मग चेहरा दिसेनासा झाला. नेट नीट चालत नाही म्हणाला. मग फोनचा कॅमेरा बिघडला म्हणाला. मग फोन येणंच कमी झालं. बाईंनी केला तर उचलायचा, सगळं ठीक आहे म्हणायचा, जेवलो म्हणायचा, काम खूप आहे म्हणायचा. त्याची वाक्यं सगळी बरोबर होती, पण रांगेतून येणाऱ्या बाटल्यांसारखी एकसारखी. आवाजावरून त्यांना काही कळत नसे. त्या आयुष्यात कधी कानाने काही शोधायला शिकल्या नव्हत्या. एकदा नजरेने बघू दे, मग सांगते काय झालंय ते, असं त्या ड्रायव्हरकाकांना पुन्हा पुन्हा म्हणायच्या. काका ऐकू आल्यासारखी मान हलवायचे.

शेवटी बाईंनी मुलाला गळ घातली. रविवारी दुपारी दोन मिनिटं का होईना, तोंड दाखव. नाहीतर मी बसमध्ये बसून तिकडे येते. मुलाने दोनदा विषय बदलून पाहिला आणि मग बरं म्हणाला.

पण बाईंचा फोन तळहाताएवढा, त्यावर ओरखडे. त्यात मुलगा लांब बसला, खिडकीकडे पाठ केली, की झालं. हे त्या ओळखून होत्या. म्हणून त्यांनी कपाटाच्या वरच्या खणातून मुलाचा जुना लॅपटॉप काढला. ऑफिसने नवीन दिल्यावर तो हा इथेच टाकून गेला होता. चालू केला तर पंखा घरघरायचा, बटणांवर दिवे लागायचे, पण पडदा काळा. खिडकीशी तिरका धरला तर आत कुठेतरी सावल्या हलल्यासारख्या वाटायच्या.

कोपऱ्यावर मोबाईल आणि संगणक दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची खोबण. त्या माणसाने लॅपटॉपवर बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला की पडद्यामागचा दिवा गेलाय, बाकी जीव शाबूत आहे. नवा पडदा टाकण्यात काही अर्थ नाही, टीव्हीला जोडा. टीव्ही कुठला विचारलं आणि फोटो पाहून हसला.

"मावशी, बरं झालं टीव्हीपण म्हातारा आहे. दोघांचं जमेल. नव्या टीव्हीने याला दारात उभं केलं नसतं."

त्याने एका खोक्यातून जाड काळी वायर ओढून काढली. दोन्ही टोकांना निळी रुंद तोंडं, तोंडात बारीक पिनांच्या ओळी, दोन्ही कडांना हाताने पिळायचे स्क्रू. ही व्हीजीएची वायर, जुनी आहे पण चालेल, म्हणाला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. यातून नुसतं चित्र जातं, आवाज जात नाही. चित्र टीव्हीवर येईल आणि आवाज लॅपटॉपमधूनच येईल. भांडलेल्या नवराबायकोसारखं, एक या खोलीत आणि एक त्या खोलीत.

रविवारी सकाळपासून ड्रायव्हरकाका कामाला लागले. टीव्ही भिंतीवर ठोकलेला, त्याची मागची बाजू आणि भिंत यांत हात जेमतेम जाईल एवढी फट. काकांनी गाल भिंतीला लावून, डोळे मिटून, चाचपडत वायरचं एक तोंड आत बसवलं. स्क्रू पिळायला बोटं पुरेनात. बसलंय, हलत नाही, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. लॅपटॉपकडचं टोक मात्र व्यवस्थित पिळून घट्ट केलं. वायर आखूड, म्हणून लॅपटॉप टीव्हीच्या बरोबर खाली स्टुलावर ठेवावा लागला. मग रिमोटवर एक एक बटण दाबत बसले. टीव्हीवर कधी निळं, कधी मुंग्या, कधी सिग्नल नाही अशी पाटी. काकांच्या नाकी नऊ आले. शेवटी दुकानदाराने सांगितलेली दोन बटणं लॅपटॉपवर एकदम दाबली आणि टीव्हीवर चित्र उमटलं. मुलाने कधीकाळी लावलेलं वाळवंटाचं चित्र, नुसती वाळू आणि मावळतीचं ऊन. बाईंना ते फार सुंदर वाटलं. वाळू पिवळी, ऊन पिवळं, त्यात चुकल्यासारखं काहीच नव्हतं.

दुपारी फोनची वेळ झाली. बाईंनी टीव्ही ओल्या फडक्याने पुसला, मग कोरड्या. खुर्ची समोर ओढून बसल्या आणि हात मांडीवर ठेवले. ड्रायव्हरकाका चित्राच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांना आवाज हवा होता. ते स्टुलापाशी गुडघ्यांवर बसले आणि लॅपटॉपला कान लावला.

मुलगा दिसला. भिंतीवर, खऱ्या माणसाच्या चेहऱ्याएवढा. बाईंच्या जिवात जीव आला आणि लगेच गेला.

पहिल्यांदा तो बाबांनाच म्हणाला की मला फक्त कान दिसतोय, पांढऱ्या केसांचा. काका हसले आणि जरा सरकले, पण कान काही काढला नाही. मग तो आईला म्हणाला, "वर कुठे बघतेस?"

"तुझ्याकडेच बघते."

"मला तुझी हनुवटी दिसतेय नुसती."

बाईंनी मान खाली केली नाही. त्यांनी नजर सैल सोडली होती. मुलगा बोलत होता, ओठ भिंतीवर हलत होते आणि शब्द खाली स्टुलातून येत होते. शब्द त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. त्या बघत होत्या. कपाळ पिवळं. गाल पिवळे. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात सरळ सरळ पिवळेपणा. त्याच्या मागे भिंत होती, भिंतीला टेकवलेली उशी होती, दारावर टॉवेल होता. त्यांच्याकडे बाईंनी बघितलं नाही. आयुष्यभर त्या बाटलीकडेच बघत आल्या होत्या. बाटलीच्या मागे जे असतं त्याच्याकडे बघायची त्यांच्या डोळ्यांना सवयच नव्हती. त्यांना वाटलं, लिव्हर गेलं. याला कधीपासून हे झालंय आणि हा मला जेवलो म्हणून सांगतोय.

मुलगा ऑफिसातलं काहीतरी सांगत होता, ते त्यांनी मधेच तोडलं.

"पुरे. माझ्यापासून लपवू नकोस. मला दिसतंय."

मुलगा थांबला. स्टुलातला आवाज थांबला. काकांनी आवाज गेला असं समजून लॅपटॉपला हळूच एक चापट मारली.

"काय दिसतंय?" मुलाने विचारलं.

"सगळं. कधीपासून चाललंय हे?"

मग भिंतीवरचा चेहरा हळूहळू मोडला. आधी हनुवटी, मग ओठ. मुलाने हाताने डोळे झाकले. बाईंना वाटलं चित्र अडकलं. मग त्याचे खांदे हलताना दिसले.

तो बोलायला लागला तो खाली मान घालूनच. नोकरी गेली होती. गेली म्हणजे त्यानेच जायचं बंद केलं होतं. सकाळी डोळे उघडायचे पण अंग उठायचं नाही. आज जाईन, उद्या जाईन म्हणता म्हणता ऑफिसनेच कळवलं की येऊ नका. झोप नव्हती. जेवण मित्र दारात ठेवून जायचा, ते तसंच राहायचं. आईचा फोन आला की तो आधी तोंड धुवायचा, आरशासमोर दोन वाक्यं म्हणून बघायचा आणि मग उचलायचा.

"एकदा फार वाईट विचार आला होता, आई. रात्रभर तोच विचार. सकाळी मित्राला सांगितलं, म्हणून तो डॉक्टरकडे घेऊन गेला. आता गोळ्या चालू आहेत." मग तो म्हणाला, "मला वाटलंच होतं, एकदा तोंड दाखवलं की तुला कळणार. म्हणून तर दाखवत नव्हतो."

बाई खुर्चीत तशाच बसून होत्या. काविळीचं काय करायचं ते त्यांना माहीत होतं. काय खायला द्यायचं, काय टाळायचं, किती दिवस झोपवून ठेवायचं. यासाठी त्यांच्याकडे काहीच नव्हतं. त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच. म्हणाल्या, आणि ही कावीळ? मुलगा डोळे पुसत म्हणाला, कसली कावीळ, डॉक्टरांनी रक्त तपासलंय, रक्तात काही नाही.

मधे बोलले ते ड्रायव्हरकाका. त्यांना कधी नव्हे ते सगळं शब्दन् शब्द ऐकू आलं होतं. कान लॅपटॉपवरून न उचलता, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "मी येतोय. संध्याकाळच्या गाडीने."

"बाबा, नको. मी बघतो काय ते."

"मी विचारलं नाही तुला. मित्राला फोन दे."

मित्राशी काका बोलले. मी पोचेपर्यंत त्याला एकटं सोडू नकोस, एवढं त्यांनी पोटच्या पोराला सांगावं तसं बजावलं. मित्राने हो म्हटलं. मग फोन बंद झाला. काका उठले आणि पिशवी भरायला आत गेले.

बाई टीव्हीसमोरच बसल्या होत्या. मुलाचा चेहरा गेला होता आणि त्याच्या जागी एक कोरं पान उरलं होतं. बाईंनी ते पान बघितलं. पान पिवळं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोपऱ्यांतसुद्धा, सारखं पिवळं. त्यांनी शेजारच्या भिंतीकडे बघितलं, मग परत पानाकडे. मग त्या उठल्या, टीव्हीच्या मागच्या फटीत हात घातला आणि बोटांनी ते सैल तोंड दाबलं. पान थरथरलं आणि पांढरंशुभ्र झालं. हात काढला, परत पिवळं. पुन्हा दाबलं, पांढरं.

काका पिशवी घेऊन बाहेर आले तेव्हा त्या भिंतीला गाल लावून तशाच उभ्या होत्या. पाटीच खराब होती, असं त्या म्हणाल्या. काकांना कळलं नाही. बाईंनी वायरचं तोंड दाबून आणि सोडून दाखवलं. काकांनी स्वतः फटीत हात घालून एकदा दाबून बघितलं.

"मग तुला काय दिसलं होतं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "मला काहीच दिसलं नव्हतं."

काका गेले आणि मुलाला घेऊन आले. येताना मुलगा खिडकीपाशी बसून सगळा रस्ता झोपला होता, असं त्यांनी सांगितलं, जणू त्याने कुठली परीक्षा पास केली होती. इथल्या डॉक्टरबाईंकडे नाव घातलं, गोळ्या चालू राहिल्या. वायर परत करायला बाई दुकानात गेल्या, तेव्हा दुकानदाराने तिच्या तोंडातल्या पिना बघून सांगितलं की यात तीन रंग तीन वेगवेगळ्या पिनांमधून जातात. एक पिन जरा वाकलीय. नीट घट्ट बसली नाही की निळा तेवढा मधेच गळतो आणि सगळं पिवळं दिसतं. दुसरी देऊ का म्हणाला. बाई नको म्हणाल्या आणि ती वायर तिथेच ठेवून आल्या.

घरात तीन माणसं होती आणि शांतता होती. मुलगा उठायचा, कधी आंघोळ करायचा, कधी नाही. बाई स्वयंपाकघराच्या दारातून बघायच्या. पाऊल जड पडलं का, डोळे सुजलेत का, ताटात किती राहिलं. त्याला नजर जाणवायची. तो चादर वर ओढायचा, नाहीतर उगाच पेपर उघडून बसायचा. बाईंना दिसत होतं की तो पुन्हा मोजा ओढून जिना चढायला लागलाय.

एके दुपारी तो आपणहून स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. म्हणाला की तुला त्या दिवशी दिसलं ते बरं झालं. मी सांगू शकलो नसतो. आता एवढं तरी वाटतं, की पुन्हा तसं काही झालंच तर तुला आधी कळेल.

बाई भांडी पुसत होत्या. गप्प राहणं सोपं होतं. काकांनी तर तसं सुचवलंही होतं. आईचे डोळे सगळं बघतात असं त्याला वाटतंय तर वाटू दे, त्याला तेवढाच आधार. बाईंनाही दोन दिवस ते पटलं होतं. पण आता तो जे म्हणाला त्याने त्यांच्या अंगावर काटा आला. हा आता वाट बघत बसणार होता. आईला दिसेल म्हणून सांगणार नव्हता. आणि आईला दिसणार नव्हतं.

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. वायर सैल होती, चित्र पिवळं होतं, मला वाटलं तुला कावीळ झालीय. बाकी मला काही दिसलं नव्हतं. तू बोलला नसतास तर मी म्हटलं असतं, पोरगा जरा वाळलाय, आणि फोन ठेवला असता.

मुलगा ओट्यापासून दूर झाला. आधी त्याला हसू आलं, मग ते तोंडावरच विरलं.

"म्हणजे मी उगाच सांगितलं?"

"उगाच नाही. पण मी ओळखलं म्हणून नाही सांगितलंस. तू सांगितलंस म्हणून मला कळलं."

तो खुर्चीवर बसला. टेबलावर बोटाने रेघा ओढत राहिला. त्याला राग आला होता, पण नेमका कशाचा ते बहुधा त्यालाही कळत नव्हतं. मग म्हणाला, "तू लहानपणापासून बघत आलीस. विचारलं कधीच नाहीस."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

"माहीत नाही."

"मलाही माहीत नाही," बाई म्हणाल्या. "पण बघून मला आतलं कळत नाही, हे आता कळलंय. काचेतलं कळायचं. माणसातलं नाही कळत."

मुलगा उठून बाहेर गेला. बाईंना रात्री झोप लागली नाही. आपण त्याच्या हातातली काठी काढून घेतली की काय, असं त्यांना पहाटेपर्यंत वाटत राहिलं.

त्यानंतर त्यांनी एक सवय लावून घ्यायला सुरुवात केली आणि ती त्यांना फार जड गेली. सकाळी मुलगा उठून बाहेर आला की त्या त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. गॅलरीत खाली बसून धान्य निवडायचं, नाहीतर कपड्यांच्या घड्या घालायच्या, पण मान वळवायची नाही. मान आपोआप वळायची, मग त्या हनुवटी छातीला टेकवायच्या. ड्रायव्हरकाका चेष्टेने म्हणाले की घरात नवी सून आलीय वाटतं. आणि मग त्या विचारायच्या. आज कसं वाटतंय. एवढंच.

पहिले कित्येक दिवस उत्तर एकच यायचं. ठीक आहे. ते ऐकलं की त्यांच्या पाठीला मुंग्या यायच्या, कारण ते ठीक आहे फोनवरच्यासारखंच होतं, एकसारखं, गुळगुळीत. वळून एकदा बघितलं की झालं, असं वाटायचं. त्या वळायच्या नाहीत. पुढच्या दिवशी पुन्हा विचारायच्या. कधी तो काही न बोलता आत जायचा. एकदा चिडून म्हणाला की रोज रोज काय विचारतेस. त्या बरं म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं.

मग एका सकाळी तो बाहेर आला आणि गॅलरीच्या उंबरठ्यावर बसला. बाईंनी घडी घालता घालता विचारलं. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती. बाईंनी टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"आज बरं वाटत नाही," मुलगा म्हणाला. "कालपण नव्हतं वाटत. काल मी ठीक म्हणालो होतो."

बाईंचे हात टॉवेलवर थांबले. छातीत धस्स झालं, जसं पूर्वी पट्ट्यावर झोका दिसला की व्हायचं. पण त्याच्या मागोमाग दुसरंही काहीतरी आलं, ज्याला त्यांच्याकडे नाव नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. बरं झालं तो पाठीमागे होता.

"किती बरं नाही?" त्यांनी विचारलं. "त्या वेळेसारखं?"

तो विचार करत होता. त्याला विचार करू द्यायचा होता.

"नाही. तितकं नाही. पण एकटं बसवत नाही."

बाईंनी कपड्यांचा ढीग उचलून पलीकडे सारला. मोकळ्या झालेल्या जागेवर हाताने दोनदा थोपटलं. मुलगा उठला आणि येऊन शेजारी बसला, त्याचा खांदा त्यांच्या खांद्याला लागला. दोघंही समोर रस्त्याकडे बघत होते.

"डॉक्टरबाई दहाला येतात," त्या म्हणाल्या. "तोवर हे मोजे जोड्या लावून दे मला."

त्याने ढिगातला एक मोजा उचलला आणि दुसरा शोधू लागला.